परदेशगमनावाचून आंतरराष्ट्रीय शिक्षण : शिक्षक-शिक्षणापुढील एक प्रश्न

१९१५ च्या डिसेंबरात मुंबई येथे भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याकडे होते. त्या भाषणात त्यांनी भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे असा विचार मांडला आणि पुढील वर्षी, १९१६ मध्ये, तो प्रत्यक्षात आणला. या विचाराला निमित्त झाली ती टोकियो येथील जपान महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेची हकीकत वाचून कर्व्यांनी आपल्या परिस्थितीला लागू पडेल तेवढेच उचलले : शिक्षण स्वभाषेतून द्यावे आणि अभ्यासक्रम प्रचलित परीक्षांच्या साच्याबाहेर, शिकणाऱ्यांच्या गरजा पाहून आखावा. ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहण्याचा योग त्यांना आला तो त्यानंतर सुमारे चौदा वर्षांनी, १९२९-३० च्या परदेश दौऱ्यात. परदेशातील प्रयोगापासून जे घ्यावयाचे ते हिंगण्यात बसून आधीच घेतले गेले होते. प्रवास मागाहून घडला.

हा क्रम आज उलटा झालेला दिसतो. विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय शिक्षण म्हटले की पारपत्र, शिष्यवृत्ती, सामंजस्य करार आणि परदेशी पाहुण्यांची भेट एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. प्रवास हे साधन आहे, याचा विसर पडतो आणि किती विद्यार्थी गेले, किती आले, यावरून संस्थेची आंतरराष्ट्रीय वृत्ती मोजली जाते. जे गेले नाहीत त्यांच्या शिक्षणात काय फरक पडला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अध्यापक महाविद्यालयांच्या बाबतीत तर तो अगत्याने विचारला पाहिजे. कारण परभणी, नंदुरबार किंवा सावंतवाडी येथे बी.एड.चे शिक्षण घेणारा छात्राध्यापक परदेशी जाण्याची शक्यता फारच थोडी, पण त्याच्या हाताखालून पुढील तीस वर्षांत हजारो मुले जाणार असतात.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट केलेला बरा. आंतरराष्ट्रीय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील. आंतरसांस्कृतिक म्हणजे भिन्न भाषा, चालीरीती, श्रद्धा आणि जीवनपद्धती असलेल्या माणसांमधील. यातील दुसऱ्या प्रकारच्या अनुभवासाठी देशाची सीमा ओलांडावी लागत नाही. पुष्कळदा तालुक्याचीही लागत नाही. दोहोंना लागणारी मनाची तयारी मात्र बरीचशी सारखी असते आणि म्हणूनच शिक्षणशास्त्रात त्यांचा विचार एकत्र केला जातो.

युरोपातील प्रयत्न आणि त्याची मर्यादा

विद्यार्थ्यांनी परदेशी जाऊन शिकावे यासाठी संघटित प्रयत्न जेवढा युरोपात झाला तेवढा क्वचितच अन्यत्र झाला असेल. १९८७ मध्ये युरोपीय समुदायाने ‘इरॅस्मस’ ही योजना सुरू केली. रॉटरडॅमचा इरॅस्मस हा सोळाव्या शतकातील फिरता विद्वान; त्याचे नाव योजनेला शोभून दिसते. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. पुढे शिक्षक, प्रशिक्षणार्थी, युवक अशा सर्वांचा समावेश होत गेला आणि आतापर्यंतच्या लाभार्थींची एकूण संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. एका देशातील अभ्यास दुसऱ्या देशात मान्य व्हावा यासाठी श्रेयांकांची सामाईक पद्धती आखण्यात आली. एका पूर्ण शैक्षणिक वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक हे तिचे परिमाण. १९९९ मध्ये बोलोन्या येथे २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी सह्या केलेल्या जाहीरनाम्याने या पद्धतीला आणखी बळ दिले.

इतके असूनही २००९ मध्ये या देशांनी स्वतःपुढे ठेवलेले उद्दिष्ट, म्हणजे २०२० पर्यंत पदवीधरांपैकी २० टक्के विद्यार्थ्यांनी काही काळ परदेशी शिक्षण अथवा प्रशिक्षण घेतलेले असावे, हे साध्य झाले नाही. पैसा, सोयी आणि शेजारी देशांची जवळीक हे सारे अनुकूल असतानाही ज्यांनी प्रवास करू नये अशी अडचण नव्हती त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी घरीच राहिले. उद्दिष्ट पुरे झाले असते तरी शंभरांतील ऐंशी विद्यार्थी मागे राहिलेच असते, हेही लक्षात घ्यावे.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांची अडचण तर अधिक बिकट. त्यांचा अभ्यासक्रम देशाच्या किंवा राज्याच्या नियमांनी बांधलेला असतो. सराव पाठ स्थानिक भाषेत, स्थानिक शाळेत आणि ठरलेल्या आठवड्यांतच घ्यावे लागतात. अभियांत्रिकीचे सूत्र सर्वत्र तेच असते. चौथीच्या वर्गाला भाषा शिकवण्याचे कौशल्य मात्र त्या भाषेपासून सोडवून परदेशात नेता येत नाही. सर्वांत जास्त मुलांपर्यंत पोहोचणारा व्यवसाय आणि सर्वांत कमी प्रवास करणारे विद्यार्थी, अशी ही विसंगती आहे.

शिवाय प्रवास केला म्हणजे दृष्टी व्यापक होतेच असेही नाही. परदेशातील आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यात राहून, तेथील लोकांविषयीचे पूर्वीचे समज पक्के करून परतणारे विद्यार्थी प्रत्येक देशात आढळतात. जाण्यापूर्वीची तयारी, तेथे असताना अनुभवांवर बोलण्यासाठी जाणता मार्गदर्शक आणि परतल्यावरचे चिंतन या तिन्हींची जोड मिळाली तरच मुक्कामाचे शिक्षणात रूपांतर होते, असा या क्षेत्रातील अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

माल्म्यो येथील प्रयोग

या कोंडीतून वाट काढणारा विचार स्वीडनच्या दक्षिण टोकावरील माल्म्यो या शहरातून पुढे आला. माल्म्यो हे जहाजबांधणीचे गाव. कॉकुम्स गोदीवर तेथील हजारो कुटुंबे अवलंबून होती. १९८० नंतरच्या दशकात तेथील व्यापारी जहाजांची बांधणी बंद पडली आणि शहराची ओळख बनलेली गोदीची प्रचंड यारी २००२ मध्ये दक्षिण कोरियातील उल्सान येथे नेण्यात आली. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावावर जी पाळी आली, तिची आठवण व्हावी असा हा काळ होता. याच सुमारास बाल्कन प्रदेश आणि पश्चिम आशियातील युद्धांमुळे निर्वासितांची कुटुंबे मोठ्या संख्येने शहरात येऊन राहिली. आज माल्म्योच्या रहिवाशांपैकी सुमारे एकतृतीयांश परदेशात जन्मलेले आहेत आणि शहरात सुमारे १८० देशांतून आलेली माणसे राहतात.

या शहरात १९९८ मध्ये नवे उच्चशिक्षण केंद्र उघडले. पुढे २०१८ मध्ये त्याला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शेजारच्या लुंड विद्यापीठाकडे असलेले माल्म्योचे शिक्षक-शिक्षण या नव्या संस्थेकडे आले. संस्था नवी, त्यामुळे परदेशी विद्यापीठांशी जुने संबंध नाहीत आणि विद्यार्थ्यांना पाठवावयाचे तरी कोठे, हा प्रश्न. आंतरराष्ट्रीय कार्याची जबाबदारी असलेल्या बेंग्ट निल्सन यांनी तो प्रश्नच फिरवला. जग जर शहराच्या वस्त्यांत येऊन राहिले आहे, तर विद्यार्थ्यांनी प्रथम तेथे का जाऊ नये? १९९९ मध्ये त्यांनी मांडलेल्या या कल्पनेला ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ हे नाव मिळाले आणि ते जगभर रूढ झाले. पुढील अभ्यासकांनी तिला अधिक काटेकोर रूप दिले. त्यांच्या मते हे शिक्षण काही निवडक विद्यार्थ्यांसाठी नसून सर्वांसाठी असावे. ते समारंभातून नव्हे, अभ्यासक्रमातून यावे. आणि हेतुपूर्वक आखलेले असावे, आपोआप घडेल अशा आशेवर सोडलेले नसावे.

या कल्पनेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९९७ पासून माल्म्योत चालू असलेला ‘नाइटिंगेल’ उपक्रम. इस्रायलमध्ये १९७४ पासून चालत आलेल्या ‘पेराख’ या योजनेवरून तो घेतलेला आहे. त्याची रचना अगदी साधी आहे. भावी शिक्षक आणि इतर शाखांचे विद्यार्थी यांपैकी एकेकाची जोडी ८ ते १२ वर्षे वयाच्या, बहुधा स्थलांतरित कुटुंबातील, एकेका मुलाशी लावली जाते. शैक्षणिक वर्षभर दोघे आठवड्यातून एकदा दोन-तीन तास भेटतात. या भेटींत शिकवणी घ्यावयाची नसते. ग्रंथालयात जावे, स्वयंपाक करावा, चेंडू खेळावा, संग्रहालय पाहावे, एकमेकांच्या घरी जावे. मुलाला उच्चशिक्षणाची वाट ओळखीची होते. शहरातच राहून ज्या विद्यापीठाच्या इमारतीत त्याच्या कुटुंबातील कोणी पाऊल टाकलेले नसते, तेथे तो मोकळेपणाने वावरू लागतो. विद्यार्थ्याच्या पदरी पडते ते वेगळे. आपल्या वर्गात उद्या बसणाऱ्या मुलाचे घर, तेथील जेवण्याची वेळ, आजीचे घरातील स्थान, वडिलांचा पूर्वीचा व्यवसाय, घरात बोलल्या जाणाऱ्या दोन-तीन भाषा हे सारे त्याला पुस्तकातून नव्हे तर पाहुणा म्हणून कळते. नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्पेन अशा देशांतील विद्यापीठांनी पुढे हा उपक्रम उचलला.

भेटी घडवल्या की आपलेपणा वाढतो, असा सरसकट समज मात्र चुकीचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांच्या स्वरूपावरील आपल्या १९५४ च्या ग्रंथात याविषयी चार अटी सांगितल्या आहेत. भेटणाऱ्यांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी समान हवा. दोघांपुढे एकच उद्दिष्ट हवे. ते गाठण्यासाठी परस्परांची मदत लागावी. आणि संस्थेचा, कायद्याचा अथवा अधिकाऱ्यांचा त्याला स्पष्ट पाठिंबा हवा. या अटी नसतील तर सहवासाने दुरावा कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. शिकवणीऐवजी एकत्र स्वयंपाक करण्यामागील मर्म येथे उलगडते. भात शिजवताना मूल आणि विद्यार्थी बरोबरीचे असतात. शिकवणीत एक देणारा होतो, दुसरा घेणारा. आणि देणाऱ्याच्या मनात कणव व तिच्यासोबत थोडा वरचढपणाही शिरतो. आपल्याकडील सेवा-उपक्रमांत हा दोष वारंवार दिसतो, हे नाकारता येणार नाही.

स्वीडनमधील धोरणही या प्रयोगाला पोषक होते. १९७७ पासून तेथील शाळांमध्ये स्थलांतरितांच्या मुलांना त्यांच्या मातृभाषेचे शिक्षण देण्याची व्यवस्था आहे. घरची भाषा ही अडचण नसून आधार आहे, हे तत्त्व शासनाने मान्य केलेले असल्याने छात्राध्यापकाला ते नव्याने सिद्ध करावे लागले नाही.

शिकावयाचे काय?

ब्रिटिश भाषाशिक्षणतज्ज्ञ मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये आंतरसांस्कृतिक क्षमतेची जी घटकवार मांडणी केली, ती शिक्षकांच्या विशेष उपयोगाची आहे. दुसऱ्याविषयीचे कुतूहल आणि आपल्या समजुती क्षणभर बाजूला ठेवण्याची तयारी हा तिचा पाया. त्यावर दुसऱ्या समाजाविषयीचे ज्ञान, एखाद्या वर्तनाचा अर्थ त्याच्या संदर्भात लावण्याचे कौशल्य, ठाऊक नसलेली गोष्ट विचारून शोधून काढण्याचे कौशल्य आणि शेवटी स्वतःच्या संस्कृतीकडेही चिकित्सकपणे पाहण्याची जाणीव, असे पुढील घटक येतात. ज्ञान हा यांतील एकच घटक आहे. आपल्याकडील अभ्यासक्रम मात्र बहुधा तेथेच थांबतात आणि ‘युनेस्कोची उद्दिष्टे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करून विद्यार्थी उत्तीर्ण होतो.

एक लहान उदाहरण पाहावे. शिक्षक बोलत असताना नजर खाली ठेवणे ही आपल्या अनेक घरांत आदराची खूण समजली जाते. युरोप-अमेरिकेतील वर्गात तेच वर्तन दुर्लक्षाचे किंवा काही लपवीत असल्याचे लक्षण ठरू शकते. बल्गेरियात मान वरखाली हलवणे म्हणजे नकार. अर्थ लावण्याचे कौशल्य ज्याने कमावले आहे, तो शिक्षक अशा वेळी मुलाला उद्धट किंवा मठ्ठ ठरवण्यापूर्वी थांबतो. हे थांबणे शिकवता येते, त्यासाठी सराव लागतो.

गणिताच्या तासाला जगाची सफर

आंतरराष्ट्रीय दृष्टी ही इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांची बाब आहे, असा एक गैरसमज आहे. गणितातील उदाहरण त्याला उत्तर देते. मराठीत २५ ही संख्या आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. कन्नड, तेलुगू आणि तमिळ भाषांत वीस आधी आणि पाच नंतर बोलतात. जर्मन आणि अरबी भाषांची रीत मराठीसारखी. स्वीडिश भाषेची कन्नडसारखी. त्यामुळे घरी अरबी बोलणारे माल्म्योतील मूल आणि मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत कन्नड माध्यमातून मराठी माध्यमात आलेले मूल यांच्यापुढे एकाच प्रकारची अडचण उभी राहते, फक्त दिशा उलटी. मराठीत त्यावर एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या वजाबाकीच्या नावांची भर पडते. ‘एकोणसाठ लिही’ म्हटल्यावर ६९ लिहिणारे मूल आळशी नसते. साठ कानावर पडल्याबरोबर त्याने सहा लिहिलेला असतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ असे संख्यावाचन आले, तेव्हा वृत्तपत्रांपासून विधानसभेपर्यंत त्याची चर्चा झाली आणि बरीच थट्टाही झाली. त्या चर्चेत नॉर्वेचा अनुभव फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. तेथे पूर्वी आपल्यासारखेच ‘पाच आणि वीस’ म्हणत. दूरध्वनी क्रमांक सांगताना होणाऱ्या चुकांमुळे बदलाची मागणी पुढे आली, संसदेने १९५० मध्ये निर्णय घेतला आणि १९५१ पासून शाळा व सरकारी व्यवहारात ‘वीस पाच’ हा क्रम आला. त्यानंतर सत्तर वर्षे लोटली तरी तेथील कित्येकांच्या बोलण्यात जुनी रीत टिकून आहे. या अनुभवावरून आपण कोणता निर्णय घ्यावा, हे ठरत नाही. परंतु असा बदल शक्य असतो, तो सावकाश होतो आणि दोन रीती पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदू शकतात, एवढे कळते. आणि एवढे ज्याला ठाऊक आहे त्या शिक्षकाची पालकसभेतील चर्चा थट्टेवर संपत नाही.

समाजशास्त्रांसाठी असेच एक साधन युरोपात उपलब्ध आहे. दोन महायुद्धांत परस्परांविरुद्ध लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनी या देशांनी उच्च माध्यमिक वर्गांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक दोन्ही भाषांत तयार केले; त्याचा पहिला खंड २००६ मध्ये निघाला. त्याचा वर्गातील वापर मर्यादितच राहिला असे मानले तरी, एकाच घटनेकडे दोन बाजूंनी कसे पाहावे याचा नमुना म्हणून छात्राध्यापकांनी ते अभ्यासण्याजोगे आहे.

आपल्याकडील स्थिती

भारताला ही दृष्टी नवी नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२१ मध्ये विश्वभारतीची स्थापना केली ती याच हेतूने. फ्रेंच विद्वान सिल्व्हाँ लेव्ही हे तेथील पहिल्या अभ्यागत अध्यापकांपैकी. १९३७ मध्ये तेथे चीन भवन उभे राहिले. तेथील दुसरी, कमी सांगितली जाणारी बाजू अशी की, त्याच सुमारास, १९२२ मध्ये, लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने श्रीनिकेतन येथे आसपासच्या खेड्यांच्या पुनर्रचनेचे कार्य सुरू झाले. दूरचा देश आणि शेजारचे खेडे या दोहोंची ओळख रवींद्रनाथांनी एकाच शिक्षणाचे भाग मानली होती.

महाराष्ट्रात पुणे हे परदेशी विद्यार्थ्यांचे जुने केंद्र आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आणि स्वखर्चाने आशिया व आफ्रिकेतील विद्यार्थी येथे दीर्घकाळ येत आहेत. फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ ही संस्था काढली ती मुळात या विद्यार्थ्यांचे एकाकीपण दूर करण्यासाठी. आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. अर्धशतकानंतरही परदेशी विद्यार्थी वर्गात असतो, पण त्याचा अनुभव अध्यापनात येत नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी दिसते. वर्षातून एक दिवस वेशभूषा आणि खाद्यपदार्थांचा मेळा भरतो, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी पुन्हा मागच्या बाकावर एकटा बसतो. इथिओपियातील किंवा अफगाणिस्तानातील प्राथमिक शाळेत बहुभाषी वर्ग कसा हाताळतात, हे शिक्षणशास्त्राच्या तासाला त्याच्याकडून ऐकण्यास खर्च काहीच येत नाही.

शासकीय धोरण या दिशेने अनुकूल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ हे उद्दिष्ट त्याच शब्दांत नमूद आहे आणि परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे असेही त्यात म्हटले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांसमवेत संयुक्त आणि दुहेरी पदव्या देण्याविषयीचे नियम केले. २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याची वाट मोकळी करून दिली. युनेस्कोने १९७४ ची आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीच्या शिक्षणाविषयीची शिफारस २०२३ च्या नोव्हेंबरात नव्या रूपात स्वीकारली. करार आणि शाखा यांचा लाभ मोठ्या शहरांतील संस्थांना होईल. जिल्ह्याच्या गावातील अध्यापक महाविद्यालयाला उपयोगी पडेल ते धोरणातील ‘घरच्या घरी’ हे कलमच.

त्यासाठी नव्या विषयपत्रिकेची गरज नाही. २०१४ च्या नियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आणली. ‘अभ्यासक्रमात सर्वत्र भाषा’ हा विषयही त्याच रचनेत आला. या वेळेतील एक भाग माल्म्योच्या धर्तीवर एका मुलाच्या घराची ओळख करून घेण्यास देता येईल. ऊसतोडीसाठी गेलेल्या कुटुंबाचे मूल, वीटभट्टीवरील मूल, परराज्यातून बांधकामावर आलेल्या मजुरांचे मूल, तांड्यावरील किंवा पाड्यावरील मूल असे कोणीही. कारखान्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे, परंतु कार्ड मुलाची इयत्ता सांगते. सहा महिने कोपीवर राहिलेल्या त्या मुलाने काय पाहिले, कोणत्या बोली ऐकल्या, धाकट्या भावंडाला कसे सांभाळले, हे सांगत नाही. ते छात्राध्यापकाच्या नोंदवहीत यावे. या नोंदवहीला गुण द्यावयाचे झाल्यास ते सुबक अक्षराला किंवा पानांच्या संख्येला देऊ नयेत. पहिल्या भेटीतला आपला कोणता समज चौथ्या भेटीत बदलला, हे जेथे प्रामाणिकपणे लिहिलेले असेल, तेथे द्यावेत.

शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांचे साहाय्य येथे अपरिहार्य आहे. कोपीवर किंवा पाड्यावर परका तरुण वही घेऊन आला की चौकशीसाठी आलेला सरकारी माणूस समजला जातो. सरपंच किंवा समितीतील पालक सदस्य पहिल्या भेटीस सोबत गेले, तर ऑलपोर्ट यांच्या चौथ्या अटीची पूर्तता तेथेच होते. अर्थात भेट पालकांच्या संमतीने व्हावी आणि छायाचित्रे काढण्याचा सोस टाळावा.

मोका आणि मेळघाट

दूरच्या देशाशी संबंध जोडण्याचा सोपा मार्गही आता उपलब्ध आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये यासाठी स्वतंत्र केंद्र काढले; दोन देशांतील दोन वर्ग संगणकाद्वारे काही आठवडे एकाच कामावर एकत्र राबतात, अशी ती पद्धत. इंग्रजीचा धाक आणि वेळेचा मोठा फरक या दोन अडचणींमुळे आपली लहान महाविद्यालये तिच्यापासून दूर राहिली. या दोन्ही अडचणी नसलेला एक देश मात्र आहे. मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून, विशेषतः कोकणातून, करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या कुटुंबांचे वंशज राहतात. तेथील शाळांत मराठी हा विषय आहे. भारत आणि मॉरिशस यांच्या सहकार्याने १९७० मध्ये मोका येथे उभ्या राहिलेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्चशिक्षण मिळते. घड्याळातील अंतर केवळ दीड तासाचे. मराठी शिकवण्याची तयारी करणारे तेथील आणि येथील विद्यार्थी मराठीतूनच एकमेकांशी बोलू शकतात.

या संवादात महाराष्ट्राने शिकवावे आणि मॉरिशसने ऐकावे, असा ग्रह असल्यास तो सोडावा लागेल. मॉरिशसमधील मूल घरी क्रेओल बोलते. मराठी ही त्याची पूर्वजांची भाषा, बोलीची नव्हे. म्हणून मराठी न येणाऱ्या मुलाला मराठी कशी शिकवावी, हा तेथील शिक्षकाचा रोजचा प्रश्न आहे. मेळघाटातील शिक्षकाचा प्रश्नही तोच आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. तीत नामांचा भेद सजीव आणि निर्जीव असा होतो, तर क्रेओलमध्ये लिंगभेदच नाही. त्यामुळे तो दगड, ती वाट, ते झाड या ठिकाणी मोक्याचे मूल आणि धारणीचे मूल सारखेच अडखळते. मराठी घरात वाढलेल्या छात्राध्यापकाला ही अडचण स्वतःहून सुचत नाही, कारण ‘वाट’ स्त्रीलिंगी का, असे त्याला कधी कोणी विचारलेले नसते. दोन्हीकडच्या चार-चार छात्राध्यापकांनी ‘तो, ती, ते’ या एका घटकाचे पाठ टाचण मिळून तयार करावे, ते आपापल्या शाळेत घ्यावे आणि मुलांच्या चुका एकमेकांना कळवाव्यात. या कामाला महिनाभराचा अवधी पुरेल आणि अमरावतीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थेला त्यासाठी संगणक, जोडणी आणि वेळापत्रकातील आठवड्याचा एक तास एवढेच लागेल.